काय कळवायचं, काय नाही

टर्मिनलवर ‘पिप इन्स्टॉल रेकॉम्बी-एपीआय-क्लायंट’ असं टाइप करून एंटर दाबलं की चार-सहा ओळी भराभर सरकतात आणि शेवटी ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ असं उमटतं. वेबसाइटला शिफारस सेवा जोडण्याच्या कामातला हा सगळ्यात सोपा भाग. गंमत अशी, की अंदाज मागणारे सगळे याच भागाचा अंदाज मागतात. ‘लायब्ररी टाकायला किती दिवस लागतील?’ असं मालकांनी विचारलं तेव्हा खरं उत्तर ‘एक मिनिट’ असं होतं. ते दिलं असतं, तर पुढे सबंध पावसाळाभर मी काय करत बसले हे त्यांना पटवणं जड गेलं असतं.

मालक म्हणजे पुण्यातले एक मराठी पुस्तकविक्रेते. दुकान अप्पा बळवंत चौकापासून हाकेच्या अंतरावर. त्यांची वेबसाइट मी सांभाळते. ती पायथनमध्ये, जँगो वापरून लिहिलेली आहे. प्रत्येक पुस्तकाच्या पानाखाली ‘हेही पाहा’ अशी एक पट्टी होती. तीत त्याच लेखकाची आणखी चार पुस्तकं यायची, आणि लेखकाचं एकच पुस्तक असलं की पट्टी रिकामी. मालकांना तिथे काउंटरवरच्या काकांसारखं काहीतरी हवं होतं. काका त्या दुकानात मालकांच्या वडिलांच्या काळापासून आहेत. गिऱ्हाइकानं माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’ मागितलं की ते काढता काढता काका त्याच्याकडे एकदा बघतात आणि शेजारी दुसरं एक पुस्तक ठेवतात. कधी शंकर पाटलांच्या कथा, कधी चक्क मारुती चितमपल्लींचं जंगलावरचं काही. बऱ्याचदा दोन्ही पुस्तकं पिशवीत जातात.

ही कल्पना संगणकातही बरीच जुनी आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात १९९२ च्या सुमारास टॅपेस्ट्री नावाची व्यवस्था झाली, ती ढीगभर ईमेलमधून वाचण्याजोगं ते निवडण्यासाठी. १९९४ मध्ये ग्रुपलेन्सनं यूजनेटवरच्या लेखांसाठी तेच केलं: तुमच्यासारखी आवड असलेल्यांना जे रुचलं ते तुम्हाला दाखवायचं. आणि २००३ मध्ये ॲमेझॉनच्या तिघांनी जो लेख प्रसिद्ध केला, त्यात माणसांची जुळणी करण्याऐवजी वस्तूंचीच जुळणी केली होती. एकाच गिऱ्हाइकानं घेतलेल्या वस्तूंच्या जोड्या मोजायच्या, बस्स. ही जोड्यांची मोजणी डेटाबेसला एक प्रश्न विचारून घरच्या घरीही होते, आणि मी आधी तीच करून पाहिली. मराठी पुस्तकांच्या बाबतीत ती लंगडी पडते. यादीतली बरीचशी पुस्तकं ऑनलाइन वर्षाकाठी मोजकीच खपतात, त्यामुळे जोड्याच जमत नाहीत. जिथे भरपूर जमतात तिथे दोन्ही बाजूंना एमपीएससीची मार्गदर्शकं असतात. खरेदीबरोबर पुस्तकाचा विषय, लेखक, वर्णनही विचारात घेणारी सेवा हवी होती. प्रागमधल्या रेकॉम्बी या कंपनीची सेवा तशी होती, आणि पायथनसाठी तिची तयार क्लायंट लायब्ररी होती.

क्लायंट लायब्ररी काय करते, हे मालकांना सांगताना मी पोस्टमनचं उदाहरण दिलं. पत्र नीट पाकिटात घालणं, पत्ता लिहिणं, शिक्का मारणं, नेऊन देणं आणि उत्तर आणणं एवढं त्याचं काम. पत्रात काय लिहिलं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लायब्ररी नसती तर प्रत्येक विनंतीचा वेब-पत्ता, जेसन आणि त्यावरची सही हे सगळं हातानं बांधावं लागलं असतं. सही म्हणजे आपल्या गुप्त टोकनाच्या आधारे एचमॅक पद्धतीनं काढलेली आकड्या-अक्षरांची माळ, आणि तिच्यासोबत वेळेचा शिक्का. सर्व्हरचं घड्याळ फार मागेपुढे झालं, तर सही खरी असूनही विनंती नाकारली जाऊ शकते. म्हणून मी पहिल्यांदा घड्याळ तपासलं, मग कोड.

इन्स्टॉल करतानाच्या बारीकसारीक गोष्टी पटकन सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. पिपला सांगायच्या नावात आडव्या रेघा असतात आणि कोडमध्ये आयात करताना त्यांच्या जागी अंडरस्कोअर. पायथनची ही जुनी खोड आहे. लायब्ररी प्रकल्पाच्या स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकायची, सगळ्या सर्व्हरवर ओतायची नाही. आवृत्तीचा आकडा रिक्वायरमेंट्सच्या फाइलीत ठाम लिहून ठेवायचा. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज एनपीएमवरून काढून घेतलं गेलं आणि जगभरचे कितीतरी प्रकल्प बांधता बांधता कोसळले, तेव्हापासून दुसऱ्याच्या कोडवर टेकताना मी जरा जास्तच सावध असते. खासगी टोकन कोडमध्ये लिहायचं नाही, सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवायचं. त्याच्या जोरावर एका विनंतीत सगळा डेटाबेस पुसता येतो. ब्राउझरसाठी वेगळं, सार्वजनिक टोकन मिळतं; त्यानं शिफारशी मागता येतात, वाचकानं काय पाहिलं ते कळवता येतं, पण पुस्तकांच्या यादीला हात लावता येत नाही.

त्यानंतरचा कोडसुद्धा वाचायला साधा आहे. प्रत्येक निरोपासाठी एक क्लास: पुस्तकाची माहिती भरा, वाचकानं पान पाहिलं ते नोंदवा, खरेदी नोंदवा, शिफारस द्या. ऑब्जेक्ट बनवायचा, क्लायंटच्या ‘सेंड’ला द्यायचा. इथपर्यंतचं सगळं कागदपत्रांत नीट लिहिलेलं आहे. त्यापुढे आमच्या दुकानापुरतं ठरवायला लागलं, तिथे कागदपत्रं गप्प होती. ती तशीच असणार. प्रागला आपल्या मार्चअखेरीची काय कल्पना?

सुरुवात यादीपासून. पुस्तकांची यादी आमच्याकडे प्रकाशकांच्या एक्सेल फायलींतून आलेली होती, आणि त्यातल्या काही युनिकोडच्या आधीच्या फाँटमधल्या. त्या रूपांतरित केल्यावरही एकच अक्षर दोन तऱ्हांनी उरतं. ‘बिऱ्हाड’मधला अर्धा र एका फायलीत पायमोडक्या ऱ पासून बनलेला असतो, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असा. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मशीनला दोन निराळे शब्द. ‘ॲड.’ लावणाऱ्या लेखकांचंही तेच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधीच्या फायलींत ‘अ’वर चंद्र चढवलेला असतो. युनिकोडचं प्रमाणित रूप करून देणारं फंक्शन पायथनमध्ये आहे, पण या दोन जोड्या ते जुळवून देत नाही. त्या जुळवण्यासाठी छोटी कोष्टकवजा फाइल मी हातानं केली. लेखकांच्या आद्याक्षरांमधल्या टिंबांचा आणि मोकळ्या जागांचा बंदोबस्त करायला त्याहून जास्त वेळ गेला. एकटे पु. ल. देशपांडे आमच्या डेटाबेसमध्ये अर्धा डझन लेखक होऊन बसले होते.

हे सेवेला कळवण्याआधीच निस्तरावं लागतं, कारण तिला अर्थ कळत नाही, सारखेपणा कळतो. आणि सारखेपणा कुठे मानायचा हा तर तांत्रिक प्रश्नच नव्हे. वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकच धरायचे का? मी धरले होते. काका म्हणाले, ‘माणूस एकच हो, पण ‘नटसम्राट’ नेणारा ‘विशाखा’ नेतोच असं नाही. नाटकवाले निराळे येतात.’ मग राम गणेश गडकरी आणि गोविंदाग्रज यांचं काय, असं मी विचारल्यावर त्यांनी क्षणभर विचार करून सांगितलं, की तिथे मात्र गडकऱ्यांचा भक्त दोन्ही नेतो. शेवटी लेखक हा गुणधर्म मी ‘सेट’ प्रकारचा ठेवला, म्हणजे एका पुस्तकाला दोन-तीन नावं लावता येतात: छापलेलं नाव एक, व्यक्ती एक. कोणतं नाव किती जड हे खरेदीवरून सेवेनं शिकावं.

आयएसबीएन हाच पुस्तकाचा क्रमांक धरावा, असं प्रोग्रामरला आपोआप वाटतं. जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतो, हे एक. दुसरं, साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ घ्या. गुरुजी १९५० मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे प्रताधिकार संपतो, त्यामुळे २०११ पासून ते पुस्तक कुणालाही छापता येतं आणि अनेकांनी छापलं. आयएसबीएन धरून पाठवलं तर ‘श्यामची आई’चे वाचक दहा निरनिराळ्या पुस्तकांत वाटले जातात आणि महाराष्ट्रातल्या घराघरातलं पुस्तक मशीनला किरकोळ खपाचं वाटतं. मी साहित्यकृतीला क्रमांक दिला आणि कोणती आवृत्ती दाखवायची हे आमच्या पानावर ठरवू दिलं. एका प्रकाशकाला ते रुचलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही रुचलं नसतं.

यादी गेली. आता पाठवायच्या होत्या जुन्या ऑर्डरी, म्हणजे सेवेला शिकायला काही मिळेल. त्या एकेक न पाठवता बॅचमध्ये पाठवतात. एका बॅचमध्ये दहा हजारांपर्यंत नोंदी मावतात. बॅचचं उत्तर ‘ठीक’ आलं म्हणजे आतली प्रत्येक नोंद पोचली असा अर्थ नाही. प्रत्येकीचा वेगळा निकाल आत येतो आणि तो उघडून पाहावा लागतो. ज्या पुस्तकाचा क्रमांक यादीतच नाही त्याची खरेदी कळवली तर ४०४ येतो. तो येऊ नये म्हणून ‘नसेल तर तयार कर’ असं सांगणारा एक पर्याय आहे. मी तो बंद ठेवला, कारण अनोळखी पुस्तक म्हणजे बहुतेक वेळा बिलिंगमधला घोळ असतो आणि तो मला दिसायला हवा होता. तीच खरेदी त्याच वेळेसह दुसऱ्यांदा गेली तर ४०९ येतो. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही, उलट अर्ध्यात तुटलेलं काम निर्धास्तपणे पुन्हा चालवता येतं. वेळेबद्दल एकच सांगते: सेवा जागतिक वेळेत विचार करते आणि आपल्या डेटाबेसमध्ये भारतीय वेळ असू शकते. साडेपाच तासांचा फरक स्पष्ट लिहून पाठवला नाही तर आज दुपारी विकलेलं पुस्तक मशीनच्या हिशेबी आज रात्री विकलं जाणार असतं.

यातलं काहीच अवघड नाही. अवघड होता तो पुढचा प्रश्न: कोणत्या ऑर्डरी पाठवायच्या?

सगळ्या, असं मला वाटत होतं. ऑर्डरींची यादी घेऊन मी काउंटरवर काकांजवळ बसले. सगळ्यात मोठ्या ऑर्डरी वरून खाली लावल्या होत्या, आणि पहिल्या पन्नासात एकही वाचक नव्हता. ती सगळी सार्वजनिक वाचनालयं होती. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, आणि मार्चअखेर जवळ आली की त्यातून पुस्तकखरेदी उरकायची असते. एका बिलात तीनशे शीर्षकं: ज्ञानेश्वरी, मधुमेहावरचं पुस्तक, नव्या कवीचा पहिला संग्रह, लोणची-मुरंबे, दुसरं महायुद्ध. सेवेच्या नजरेनं पाहिलं तर एकाच माणसानं हे सगळं आवडीनं घेतलं, म्हणून यातलं प्रत्येक पुस्तक दुसऱ्या प्रत्येकाशी जोडलं गेलं. तीनशे पुस्तकांच्या जोड्या पंचेचाळीस हजारांच्या जवळ जातात. खऱ्या वाचकांच्या दोन-तीन पुस्तकांच्या ऑर्डरी त्यात बुडूनच गेल्या असत्या. ‘अहो मॅडम,’ काका म्हणाले, ‘वाचनालयाचं बिल आणि वाचकाचं बिल एका फायलीत लावतं का कुणी?’ दुकानात खरंच दोन फायली होत्या. डेटाबेसमध्ये मात्र एकच टेबल होतं.

त्या ऑर्डरी गाळल्या. मग एक असा वाचक सापडला जो आठवड्याला शंभरेक पुस्तकं घेत होता, सगळ्या विषयांवरची, रोज, सुटीच्या दिवशी शून्य. तो म्हणजे फोनवरच्या ऑर्डरी टिपणारी दुकानातली मुलगी. बरेच वयस्क वाचक अजूनही फोन करून पुस्तकं मागवतात. ती स्वतःच्या खात्यातून ऑर्डर टाकते आणि फक्त पत्ता बदलते. तेही खातं गाळलं. गाळताना वाईट वाटलं, कारण आमचे सगळ्यात मुरलेले वाचक त्याच खात्यामागे होते.

शाळांच्या बक्षीस समारंभाच्या ऑर्डरी ठेवल्या की काढल्या हे सांगण्यासारखं नाही. खरेदीच्या नोंदीत नगसंख्या लिहायची सोय आहे आणि त्या तशाही थोड्या होत्या. दिवाळी अंकांच्या संचांचं प्रकरण मात्र लांबलं. दर वर्षी दुकान आठ-दहा अंकांचा संच सवलतीत देतं. संचातले अंक कोणते हे मालक ठरवतात. कुणाशी जुनं नातं, कुणाकडून सूट जास्त, अशा हिशेबानं. हजारो लोकांनी तेच दहा अंक एकत्र घेतले, तेव्हा मशीनला वाटणार की मराठी वाचकांची आवड किती एकसारखी आहे! प्रत्यक्षात ती आमच्याच योजनेची सावली. संच फोडून न पाठवता तो एकच वस्तू म्हणून पाठवायचा असं ठरलं. अंक सुटे घेणाऱ्यांच्या नोंदी तेवढ्या अंकनिहाय गेल्या, आणि त्याच खऱ्या बोलक्या निघाल्या.

ताऱ्यांच्या बाबतीत माझं मत पक्कं होतं. सेवेला मूल्यांकन उणे एक ते अधिक एक या पट्टीवर हवं असतं, म्हणजे आपल्या पाच ताऱ्यांतले तीन तारे तिथे शून्य. रूपांतर एका ओळीचं. पण आमच्याकडचे एकतारी अभिप्राय वाचले तर ‘कोपरा दुमडलेला आला’, ‘कुरिअरवाल्यानं शेजाऱ्यांकडे ठेवलं’ असे. गौरी देशपांडेंच्या कादंबरीला उणे एक मिळतो तो कुरिअरवाल्याच्या वागण्यासाठी. नेटफ्लिक्सनं २००६ मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं ते असे तारे दहा टक्के अधिक अचूक वर्तवण्यासाठी. २००९ मध्ये ते जिंकलंही गेलं, पण जिंकणारी सगळी जुळणी कंपनीनं जशीच्या तशी वापरात आणली नाही. तोवर तिला तारे देण्यापेक्षा लोक प्रत्यक्षात काय बघतात ते महत्त्वाचं वाटू लागलं होतं. आमचे तारे मी पाठवले नाहीत. ‘नंतर घेईन’ म्हणून बाजूला ठेवलेली पुस्तकं पाठवली. माणूस तिथे कुरिअरचा विचार करत नसतो.

पान पाहिल्याची नोंद सर्व्हरवरून पाठवणं सोपं, पण मग शोधयंत्रांचे बॉटही वाचक ठरतात. व्हॉट्सॲपवर कुणी पुस्तकाचा दुवा पाठवला की मुखपृष्ठाचं चित्र दिसावं म्हणून पान एकदा उघडलं जातं, तेही वाचन ठरतं. म्हणून ती नोंद ब्राउझरमधून, सार्वजनिक टोकनानं. खातं न उघडता आलेल्याला तात्पुरता क्रमांक देतो आणि त्यानं नंतर लॉगिन केलं की दोन्ही ओळखी एकत्र करण्याची विनंती पाठवतो. राहता राहिलं घरोघरचं एकच खातं. वडिलांच्या फोनवर ‘मृत्युंजय’, त्याच फोनवर मुलीची चित्रांची गोष्ट, आजीसाठी ‘रुचिरा’. यावर उपाय मला सापडलेला नाही आणि तो शोधायची फारशी इच्छाही नाही. तिघांची मिळून शिफारस आली तर येऊ दे.

शिफारस मागताना ती कोणत्या जागेसाठी हवी हे सांगावं लागतं: पुस्तकाच्या पानाखाली, पहिल्या पानावर, कार्टमध्ये. प्रत्येक जागेचे नियम वेगळे ठेवता येतात. ‘शिल्लक शून्य असेल तर वगळ’ ही चाळणी सगळीकडे. साहित्याच्या पानाखाली स्पर्धा परीक्षेची पुस्तकं नकोत, ही दुसरी चाळणी माझी. तिच्यावरून मालकांशी थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं, विकतं ते का झाकायचं? माझं म्हणणं, इंदिरा संतांच्या कवितांखाली ‘चालू घडामोडी’ दिसल्या तर कविता घेणारा परत येणार नाही. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून कार्टच्या पानावरून ती चाळणी काढली.

या सगळ्यात दिवाळी अंक हा सेवेच्या स्वभावाशी मुळातच न जुळणारा माल आहे. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं १९०९ मध्ये ही प्रथा सुरू केली तेव्हापासून अंकाचं आयुष्य काही आठवड्यांचं. मशीनला शिकायला खरेद्या लागतात. त्या जमेपर्यंत तुळशीचं लग्न उरकतं. आणि पुढच्या वर्षीचा अंक पुन्हा नवा कोरा, शून्य नोंदींचा. इथे गुणधर्म कामाला आले. प्रत्येक अंकाला त्याच्या नियतकालिकाचं नाव आणि संपादकाचं नाव लावलं, म्हणजे गेल्या वर्षीच्या अंकाशी त्याचं नातं जुळतं. आणि मोसमात अंकांना जरा वर उचलणारा बूस्टर ठेवला, जो नंतर आपोआप उतरतो. तरी काकांचा आक्षेप राहिलाच. जो दर वर्षी अमुक एक अंक घेतो तो यंदाही घेणारच, मग त्याला तोच दाखवून काय उपयोग? त्याला शेजारचा दाखवा. हे मी रेकॉम्बीच्या चाळणीच्या भाषेत लिहायचा प्रयत्न केला, तेव्हा लक्षात आलं की ‘शेजारचा’ म्हणजे काय हे काका प्रत्येक माणसागणिक वेगळं ठरवतात. सध्या गेल्या वर्षी घेतलेलं नियतकालिक त्या वाचकाच्या पट्टीतून वगळते आणि त्याच्या मुख्य पानावर वेगळी आठवण ठेवते. काका म्हणाले, ‘चालेल.’ त्यांचं ‘चालेल’ म्हणजे पास, फर्स्ट क्लास नव्हे.

उत्तर वेळेत आलं नाही तर? लायब्ररीत शिफारशीसाठी थांबायची मुदत काही सेकंदांची असते. मी ती बरीच कमी केली, कारण पुस्तकाचं पान खालच्या पट्टीसाठी खोळंबून चालत नाही. मुदत उलटली की लायब्ररी एक विशिष्ट एक्सेप्शन फेकते, ते पकडायचं आणि पर्यायी यादी दाखवायची. ही यादी काका देतात. दर महिन्याला बारा पुस्तकं, बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून. मी ती टाइप करून टाकते. प्रत्येक शिफारशीबरोबर सेवा एक ओळखक्रमांक देते, तो क्लिकच्या नोंदीबरोबर परत पाठवला की कोणत्या शिफारशीवरून वाचक कुठे गेला ते कळतं. काकांच्या यादीला तसा क्रमांक नसतो, म्हणून तिचा हिशेब मी आमच्याच डेटाबेसमध्ये वेगळा ठेवते. तिच्यावर कुणी क्लिक करत नाही असं मुळीच नाही, एवढं मालकांना सांगितलं आहे. आकडे मागितले तर देईन.

राहिला खासगीपणा. माणसाच्या पुस्तकांवरून त्याच्याबद्दल फार कळतं. गर्भारपण, घटस्फोट, कर्ज, आजार, सगळ्यांवर पुस्तकं आहेत. नेटफ्लिक्सनं स्पर्धेसाठी नावं काढून दिलेली माहितीसुद्धा दोन संशोधकांनी दुसऱ्या एका संकेतस्थळावरच्या उघड अभिप्रायांशी ताडून काही माणसांपर्यंत नेऊन भिडवली होती. आम्ही सेवेला ना नाव पाठवतो, ना फोन, ना पत्ता. फक्त आमचा एक निरर्थक क्रमांक. आरोग्य विभागातल्या पुस्तकांच्या नोंदी पाठवतच नाही. मालकांना तो अतिरेक वाटतो. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीवर भर आहे आणि अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनाचा माग ठेवण्याला मनाई आहे, म्हणून बालविभागात ब्राउझरमधली नोंद बंद आहे. तिथल्या पानांखाली पुस्तकाशी मिळतीजुळती पुस्तकं दिसतात, वाचकाशी नव्हे. खातं बंद करणाऱ्याचा क्रमांक सेवेतून काढायला एक विनंती पुरते, त्याच्या सगळ्या नोंदी तिच्यासोबत जातात.

फोनवरच्या वाचकांचा विषय काकांनीच पुन्हा काढला. आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक तुमच्या मशीनला माहीतच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ठरलं की फोन करणाऱ्या प्रत्येकाचं वेगळं खातं उघडायचं, पण आधी विचारून. आता ऑर्डर टिपणारी मुलगी आणि काका दोघंही फोनवर विचारतात, ‘तुमची आवड आमच्याकडे नोंदवून ठेवली तर चालेल का?’ बरेच जण हो म्हणतात. काही जण कशाला म्हणून विचारतात, आणि मग त्यांना समजावण्यात दहा मिनिटं जातात. नाशिकहून फोन करणाऱ्या एक आजी काकांना म्हणाल्या, ‘इतकी वर्षं पुस्तकं पाठवताय, अजून नोंदवली नाहीत?’ हो म्हणणाऱ्यांची नावं एका वहीत जमताहेत आणि मुलगी ती खात्यांत चढवते आहे. कोडमध्ये त्या नोंदी पाठवणारा स्विच मी लिहून ठेवला आहे, अजून बंद आहे. दिवाळी अंकांचे फोन सुरू व्हायच्या आत वही पुरी झाली तर तो यंदाच चालू करायचा, नाहीतर मार्च उलटल्यावर.